महाराष्ट्रातील पशुवैद्यक सेवा

महाराष्ट्रातील पशुवैद्यक सेवा म्हणजे राज्यातील पाळीव जनावरे व पक्षी यांचे रोगनिदान, उपचार, शस्त्रक्रिया, लसीकरण, कृत्रिम रेतन आणि रोगनियंत्रण यांसाठी असलेली व्यवस्था होय. शासनाचा पशुसंवर्धन विभाग, जिल्हा परिषदा, पशुवैद्यक महाविद्यालये, सहकारी दूध संघ, स्वयंसेवी संस्था व खासगी व्यावसायिक यांचा या व्यवस्थेत सहभाग आहे. बोलीभाषेत पशुवैद्यकाला ‘गुरांचा डॉक्टर’ आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला ‘गुरांचा दवाखाना’ असे म्हणतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन होते. त्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश, ५६ लाख म्हशी, १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या यांचा समावेश होता. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांसाठी दुभती गाय, बैलजोडी किंवा चार-दोन शेळ्या हेच प्रमुख भांडवल असते. आजारी जनावरापर्यंत पात्र पशुवैद्यक वेळेत पोहोचणे हा त्यामुळे या सेवेपुढील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे. पशुवैद्यक व्यवसायाचे कायदे, शिक्षण व प्रशासन यांची वाटचाल बऱ्याच अंशी याच प्रश्नाभोवती झाली आहे.

इतिहास

प्राचीन परंपरा

भारतात पशुचिकित्सेची परंपरा जुनी आहे. अश्वचिकित्सेसाठी शालिहोत्र आणि गजचिकित्सेसाठी पालकाप्य यांची नावे परंपरेने घेतली जातात. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचा उल्लेख आहे. ग्रामीण महाराष्ट्रात वैदू, धनगर आणि अनुभवी शेतकरी झाडपाल्याची औषधे देत, तसेच डाग देण्यासारखे उपाय करीत. मोडलेले हाड बसवणे, अडलेले वासरू सोडवणे, पोटफुगीवर उपाय करणे ही कौशल्ये अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. साथीच्या रोगांपुढे मात्र हे ज्ञान अपुरे पडत असे.

मुंबईत १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध १८३२ मध्ये शहरात झालेली दंगल ही या संस्थेची पार्श्वभूमी होती. निराश्रित व जायबंदी जनावरांचा सांभाळ करणे हे पांजरपोळीचे मुख्य काम होते.

ब्रिटिश काळ

आधुनिक पशुवैद्यकाचा आरंभ लष्करी गरजेतून झाला. घोडदळातील व तोफखान्यातील घोडे निरोगी राखणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट होते. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू करण्यात आली. या शाळेशी संबंधित असलेले हॅलन हे पुढे गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते. या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. बुळकांडीसारख्या रोगांमुळे शेतीच्या बैलांची मोठी हानी होते आणि तिचा परिणाम शेतसारा व अन्नधान्य या दोहोंवर होतो, ही बाब शासनाच्या लक्षात येऊ लागली होती.

मुंबईतील परळ येथे दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय उभारण्यात आले. त्यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असे नाव देण्यात आले. याच रुग्णालयाच्या आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. त्यांनी फ्रेडरिक स्मिथ यांच्यासह पशुवैद्यकशास्त्राचे एक त्रैमासिकही चालवले. देशभर विखुरलेल्या पशुवैद्यकांना परस्परांचे अनुभव कळावेत असा भारतात झालेला हा आरंभीचा प्रयत्न होता.

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. धोकादायक जंतूंवरील प्रयोग दाट वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. इज्जतनगर येथील आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था हे तिचेच विकसित रूप आहे. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मुलकी पशुवैद्यक खाते सुरू झाले. राज्याचा आजचा पशुसंवर्धन विभाग आपला उगम याच खात्यात मानतो.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर रोगप्रतिबंधावर भर देण्यात आला. पुण्यातील औंध येथे पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आणि रोग अन्वेषण विभाग कार्यरत झाले. राज्यात वापरल्या जाणाऱ्या अनेक लसी या संस्थेत तयार होतात. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदवला गेला आणि २००६ मध्ये देशाला रोगमुक्त दर्जा मिळाला. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. मानवातील देवीनंतर संपूर्ण निर्मूलन झालेला हा दुसराच रोग आहे. गावोगाव पायी किंवा सायकलने फिरून लस टोचणारे पशुधन पर्यवेक्षक व पशुवैद्यक यांचा या यशात मोठा वाटा आहे.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर ग्रामीण भागातील बहुसंख्य दवाखाने त्यांच्याकडे सोपवण्यात आले. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत या संस्थेने रुजवली. धवलक्रांतीच्या काळात संकरित गाईंची संख्या वाढली. या गाई अधिक दूध देत असल्या तरी गोचीडताप, कासदाह, दुग्धज्वर अशा आजारांना देशी गाईंपेक्षा लवकर बळी पडतात. त्यामुळे उपचारांची मागणीही वाढली.

प्रशासकीय रचना

राज्यातील पशुवैद्यकीय सेवेचे नियंत्रण पुणे येथील पशुसंवर्धन आयुक्तालयाकडून होते. जिल्हा पातळीवर राज्य शासनाचे जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्त आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी अशा दोन यंत्रणा दीर्घकाळ समांतर चालत आल्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि अनेक तालुक्यांत तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. राज्यात राज्य शासन व जिल्हा परिषदा यांच्या मिळून साडेचार हजारांहून अधिक पशुवैद्यकीय संस्था आहेत.

दवाखान्यांची परंपरेने दोन श्रेणींत विभागणी केली जाते.

श्रेणी १ : येथील प्रमुख पशुधन विकास अधिकारी असतो. तो पशुवैद्यकशास्त्राचा पदवीधर व नोंदणीकृत पशुवैद्यक असणे आवश्यक असते. या पदांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते.

श्रेणी २ : हे दवाखाने बहुतांशी सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक चालवतात. त्यांच्याकडे पदवीऐवजी पदविका किंवा प्रमाणपत्र असते.

संख्येने श्रेणी २ चे दवाखाने अधिक आहेत. खेड्यातील पशुपालकाचा पहिला संबंध त्यामुळे बहुधा पदविकाधारक कर्मचाऱ्याशी येतो.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात दर ५,००० गुरांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. २०१९ च्या पशुगणनेतील केवळ गाई-म्हशींची संख्या धरली, तरी या प्रमाणानुसार राज्याला सुमारे ३,९०० पदवीधर पशुवैद्यक लागतात. शेळ्या, मेंढ्या, कुक्कुटपालन आणि शहरांतील पाळीव प्राणी यांची गरज त्याहून वेगळी आहे.

दूरध्वनीवरून सेवा मिळावी यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक सुरू करण्यात आला आहे. या क्रमांकावर कळवल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक जनावराच्या ठिकाणी येते. केंद्र पुरस्कृत योजनेत सुमारे एक लाख पशुधनामागे एक पथक गृहीत धरले असून त्यात पशुवैद्यक, सहायक आणि वाहनचालक असतात.

शिक्षण

पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या विषयाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाच्या आंतरवासितेचा समावेश होतो. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर दिला जातो. अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रजननशास्त्र, परोपजीवीशास्त्र, पशुपोषण आणि पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हे प्रमुख विषय असतात.

१९७० च्या दशकापासून पशुवैद्यक महाविद्यालये कृषी विद्यापीठांना जोडलेली होती. १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे परळचे महाविद्यालय त्याच्या कक्षेत आले. पशुवैद्यक, दुग्धतंत्र व मत्स्यविज्ञान यांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे या हेतूने राज्याने १९९८ मध्ये कायदा केला. त्यानुसार २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाची मुंबई, नागपूर (१९५८), परभणी (१९७२), उदगीर (१९८७) आणि शिरवळ (१९८८) येथे पशुवैद्यक महाविद्यालये असून अकोला येथे पदव्युत्तर संस्था आहे.

कायदा व नोंदणी

संसदेने १९८४ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम संमत केला. या कायद्यानुसार राष्ट्रीय पातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद आणि राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद काम करते. शिक्षणाचा किमान दर्जा ठरवणे, व्यावसायिकांची नोंदणी ठेवणे आणि व्यावसायिक आचारसंहिता लागू करणे ही या परिषदांची कामे होत.

अधिनियमाच्या कलम ३० नुसार पशुवैद्यक म्हणून शासकीय पद धारण करणे, व्यवसाय करणे, कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रावर सही करणे आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे हे अधिकार केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहेत. याला एक अपवाद ठेवला आहे. राज्य शासन आदेशाद्वारे पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले प्राथमिक उपचार यांचा अशा सेवांत समावेश होतो.

पदविकाधारकांचा प्रश्न

महाराष्ट्रात १९७१ च्या पशुवैद्यक व्यावसायिकांविषयीच्या राज्य कायद्याखाली काही बिगरपदवीधर व्यावसायिकांचीही नोंदणी झाली होती. केंद्रीय कायदा राज्यात लागू झाल्यानंतर त्यांच्या व्यवसायाच्या हक्काचा वाद निर्माण झाला. उदयसिंग डागर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला. केंद्रीय कायद्याने घातलेली पात्रतेची अट न्यायालयाने वैध ठरवली आणि पदवी नसलेल्यांना किरकोळ सेवांपलीकडे स्वतंत्रपणे व्यवसाय करता येणार नाही असे स्पष्ट केले.

या निकालानंतरही व्यवहारातील अडचण पूर्णपणे मिटलेली नाही. पदवीधरांच्या बाजूने असे मांडले जाते की, प्रतिजैविकांचा चुकीचा वापर, अशास्त्रीय शस्त्रक्रिया आणि चुकलेले निदान यांमुळे जनावराबरोबरच दूध व मांस सेवन करणाऱ्या माणसांनाही धोका पोहोचतो. पदविकाधारकांचे म्हणणे असे की, दुर्गम भागात रात्री-अपरात्री जनावर अडल्यास तेथे पोहोचणारे तेच असतात आणि देखरेखीची अट कागदावरच राहते, कारण देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाकडे अनेक गावांचा भार असतो. पशुपालकाच्या दृष्टीने जवळचा माणूस आणि पात्र माणूस एकच असेल, तेव्हाच हा वाद संपतो.

प्रमुख रोग व नियंत्रण कार्यक्रम

राज्यातील गुरांमध्ये लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, फाशी, सांसर्गिक गर्भपात, गोचीडताप आणि सर्रा हे रोग आढळतात. शेळ्या-मेंढ्यांमध्ये आंत्रविषार, पीपीआर व देवी, तर कोंबड्यांमध्ये मानमोडी हे रोग महत्त्वाचे आहेत. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचल्या जातात. फाशीने मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करू नये असा नियम आहे, कारण हवेशी संपर्क आल्यावर जंतू बीजाणू तयार करतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात लाळ-खुरकूत रोगाचे वर्षातून दोनदा लसीकरण आणि चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस यांवर भर आहे. जनावराच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला लावून लसीकरण, कृत्रिम रेतन व उपचार यांची नोंद संगणकीय प्रणालीत ठेवली जाते.

बर्ड फ्लू : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांमध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक आढळला. नमुन्यांची तपासणी भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झाली. बाधित भागातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या.

लंपी त्वचारोग : हा विषाणुजन्य रोग प्रामुख्याने गोवंशात होतो. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांमुळे तो पसरतो. माणसाला तो होत नाही. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात प्रथम आढळला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यापासून मोठी साथ सुरू झाली. शासनाने गुरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध घातले आणि शेळ्यांच्या देवीची लस वापरून राज्यातील बहुतांश गोवंशाचे मोफत लसीकरण केले. मृत दुभत्या गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये अर्थसाहाय्य ठरवण्यात आले. या साथीत पशुवैद्यक महाविद्यालयांचे विद्यार्थी व खासगी व्यावसायिक यांचीही मदत घेण्यात आली.

कोकणातील स्थिती

कोकणातील पशुपालनाचे स्वरूप देशावरील पशुपालनापेक्षा वेगळे आहे. वार्षिक पाऊस अनेक ठिकाणी ३,००० मिलिमीटरहून अधिक असतो. जमिनी लहान, डोंगरउताराच्या आणि वाड्या विखुरलेल्या असतात. गुरांचा मुख्य आहार भाताचा पेंढा व डोंगरावरील गवत हा आहे. पेंढ्यात प्रथिने व खनिजे कमी असल्याने जनावरांची वाढ व प्रजनन यांवर परिणाम होतो.

या हवामानाला अनुरूप अशी स्थानिक जनावरे येथे विकसित झाली. ‘कोकण कपिला’ ही लहान चणीची, डोंगरात चरणारी गाय असून तिचे बैल भातखाचरात कामाला येतात. २०१८ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘कोकण कन्याळ’ ही शेळीची नोंदणीकृत जात आहे. या जातींचे दूध उत्पादन कमी असले तरी त्या दमट हवा व परोपजीवी यांना अधिक तोंड देऊ शकतात.

पाणथळ भातखाचरांतील गोगलगायींमुळे यकृतातील चपट्या कृमींचा, तर दमट हवेमुळे गोचीड व खुरांच्या आजारांचा उपद्रव होतो. पावसाळ्यात घटसर्पाचा धोका असतो. शेतात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोगही गोचिडींमार्फत पसरतो. अशा रोगांत पशुवैद्यक आणि आरोग्य विभाग यांना एकत्रित काम करावे लागते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील बुरोंडी हे किनाऱ्यावरील मासेमारीचे गाव आहे. किनारपट्टीवरील अशा गावांत मासेमारी, भातशेती व बागायत यांना जोडून मोजकी जनावरे पाळली जातात. एका गावातील गुरांची संख्या कमी असली की तेथे खासगी पशुवैद्यकाचा व्यवसाय किफायतशीर ठरत नाही, आणि गुरांच्या संख्येवर आधारित निकषांतही असा भाग मागे पडतो. अंतर मात्र खाडी, घाट आणि वळणाच्या रस्त्यांमुळे नकाशावर दिसते त्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे संख्येबरोबर भूगोलाचाही विचार व्हावा ही कोकणातील मागणी सेवेच्या नियोजनाशी थेट निगडित आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग असला, तरी कोकण विभागातील पशुवैद्यक महाविद्यालय मुंबईत आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मोठे जनावर तेथवर नेणे बहुतेक पशुपालकांना शक्य होत नाही.

औषधवापर व पर्यावरण

जनावरांना दिलेली औषधे अन्नसाखळीत शिरतात. प्रतिजैविक दिल्यानंतर ठरावीक काळ त्या जनावराचे दूध विकू नये असा नियम आहे. माणसांसाठी राखीव ठेवावयाच्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांतील वापर भारतात २०१९ मध्ये बंद करण्यात आला.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे उदाहरण विशेष प्रसिद्ध आहे. हे औषध दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात असे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅमची शिफारस झाली. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव येथे गिधाडांच्या संवर्धनाचे काम चालते. गिधाडे कमी झाल्यावर मृत जनावरांची विल्हेवाट आणि भटक्या कुत्र्यांची वाढ हे प्रश्न अधिक तीव्र होतात.

व्यावसायिक माहितीची साधने

पशुवैद्यक बहुधा एकट्याने काम करतो आणि त्याला एकाच दिवशी अनेक प्रजातींचे रुग्ण पाहावे लागतात. त्यामुळे ताज्या माहितीची देवाणघेवाण या व्यवसायात महत्त्वाची ठरते. १९२४ मध्ये मद्रास येथे सुरू झालेले ‘इंडियन व्हेटरिनरी जर्नल’ हे देशातील जुने व्यावसायिक नियतकालिक आहे. त्याच वर्षी पॅरिस येथे स्थापन झालेली जागतिक पशुआरोग्य संघटना विविध देशांतील रोगउद्रेकांची माहिती प्रसिद्ध करते. बंगळुरू येथील राष्ट्रीय संस्था जिल्हानिहाय रोगांचे पूर्वानुमान देते, तर औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे राज्यातील नमुने तपासणीसाठी पाठवता येतात.

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर छायाचित्रे व चित्रफिती पाठवून ज्येष्ठांचा सल्ला घेणे सोपे झाले आहे. लंपीच्या साथीत गाठींची छायाचित्रे पाहून संशयित जनावरे लवकर ओळखण्यास याचा उपयोग झाला. तथापि दूरस्थ सल्ला हा प्रत्यक्ष तपासणीला व प्रयोगशाळेतील निदानाला पूरक मानला जातो, पर्याय मानला जात नाही. शेतकऱ्यांसाठी मराठीत उपलब्ध असलेल्या साहित्यात कृषी नियतकालिके, पशुसंवर्धन विभागाच्या घडीपत्रिका आणि विद्यापीठांची विस्तार प्रकाशने यांचा समावेश होतो.

व्यावसायिक जोखीम

जनावराची लाथ, शिंगाचा मार व चावा यांबरोबरच प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा धोका पशुवैद्यकाला असतो. अडकलेला जार हाताने काढताना सांसर्गिक गर्भपाताचे जंतू शरीरात जाऊ शकतात. म्हणून लांब हातमोजे वापरणे आणि रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेणे यांची शिफारस केली जाते. हीच काळजी पशुपालकाने व दवाखान्यातील परिचराने घेणेही आवश्यक असते.

हेही पाहा

बुळकांडी
लंपी त्वचारोग
मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय
महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ
कोकण कपिला
बुरोंडी